शब्दांचा मोबदला मागणारा शायर : साहिर लुधियानवी



मीरा रोडहून चर्चगेटकडे निघालेली लोकल सांताक्रूझला थांबते. तेथून जुहूचे कब्रस्तान फार लांब नाही. २५ ऑक्टोबर १९८० रोजी मुंबईत निधन पावलेले शायर साहिर लुधियानवी यांचे दफन तेथेच झाले. त्यांची गाणी आपल्या घरोघरी माहीत आहेत. परंतु लिहिणाऱ्याला त्याच्या कामाचा योग्य मोबदला आणि मान मिळावा म्हणून ते कसे अडून राहिले, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

साहिर यांचे मूळ नाव अब्दुल हयी. त्यांचा जन्म ८ मार्च १९२१ रोजी लुधियाना येथे झाला. वडील जमीनदार होते, पण आई सरदार बेगम यांनी पतीचे घर सोडले. वडिलांनी मुलाच्या ताब्यासाठी कोर्टात दावा केला, तरी साहिर आईपाशीच राहिले. साहजिकच बालपण ओढगस्तीत गेले. पुढे ते लाहोरला गेले. ‘तल्खियाँ’ या पहिल्याच काव्यसंग्रहाने त्यांचे नाव झाले. उर्दू मासिकांचे संपादनही त्यांनी केले. १९४९ साली पाकिस्तान सरकारने त्यांच्यावर अटकेचे वॉरंट काढले, तेव्हा ते दिल्लीमार्गे मुंबईस आले.

संपादक असतानाची त्यांची एक आठवण सांगितली जाते. मासिक तोट्यात होते, तरी लेखकांचे पैसे वेळेवर द्यावेत असा साहिर यांचा कटाक्ष असे. एकदा शमा लाहोरी या कवीला देण्यास पैसे नव्हते. तेव्हा चाहत्यांनी नुकताच भेट दिलेला आपला कोट साहिर यांनी त्यांना देऊन टाकला.

मुंबईत १९५१ साली ‘नौजवान’ आणि ‘बाजी’ या चित्रपटांनी त्यांना यश दिले. दोन्हींचे संगीतकार सचिनदेव बर्मन होते. १९५७ साली याच जोडीचा ‘प्यासा’ आला. योगायोग असा की, त्या चित्रपटाची कथाच एका कवीची आणि त्याच्या प्रकाशकाची आहे. कवी जिवंत असताना प्रकाशक त्याच्या कविता छापत नाही. तो मेला असे समजताच त्याच पुस्तकावर पैसा कमावतो. पैशाचा वास लागताच भाऊही हिस्सा मागायला धावतात.

‘प्यासा’नंतर साहिर आणि बर्मन यांनी पुन्हा कधी एकत्र काम केले नाही. गाण्याचे श्रेय शब्दांचे की चालीचे, हा वादाचा मुद्दा होता. खरे तर चाल आणि शब्द यांची वाटणी तराजूने करता येत नाही, आणि साहिर यांच्या आग्रहात अहंकाराचा अंश नव्हता असेही म्हणवत नाही. पण त्या काळी गीतकाराचे स्थान संगीतकार व गायक यांच्या खालचे मानले जाई, हेही तितकेच खरे. लता मंगेशकर यांच्यापेक्षा एक रुपया तरी जास्त मानधन मिळावे, अशी अट ते घालत असे सांगतात. तो रुपया चैनीसाठी नव्हता. लेखणी दुय्यम नाही, एवढेच त्यातून दाखवायचे होते. या हट्टापायी त्यांनी मोठमोठ्या माणसांशी वितुष्ट पत्करले, परंतु काम थांबले नाही. १९६४ व १९७७ साली त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि १९७१ साली पद्मश्री.

रेडिओवर गाणे लागताना गायक आणि संगीतकाराबरोबर गीतकाराचेही नाव सांगावे, हा आग्रहही त्यांनी धरला. आज ते नाव ऐकू येते, त्यात त्यांचा मोठा वाटा मानला जातो.

कायद्याची साथ मात्र उशिरा आली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच असतो. पुढे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेल्यास गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा समान वाटा मिळू लागला. आणि तो हक्क करारात लिहून काढून घेता येणार नाही असे ठरले. तेव्हा साहिर जाऊन ३२ वर्षे झाली होती.

मित्रहो, आपल्यापैकी कुणी उद्या लेखक होईल, कुणी कारागीर, कुणी दुकान किंवा कारखाना चालवील. आपल्या कामाचे दाम मागताना संकोच करू नका. आणि दुसऱ्याचे दाम देण्याची वेळ आली, तर तो कोट आठवा. मागण्याचा अधिकार देणाऱ्याच्याच तोंडी शोभतो.

जुहूच्या कब्रस्तानातील साहिर यांच्या कबरीचे बांधकाम २०१० साली हटवण्यात आले. पण रेडिओवर त्यांचे गाणे लागते, तेव्हा आधी त्यांचे नाव घेतले जाते. ते नाव त्यांनी स्वतः मागून मिळवलेले आहे.