चोरट्या रेडिओच्या उषाताई

काटा हळूहळू फिरवत लांबचं स्टेशन पकडायची मजा आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावांतल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. १९४२ साली मात्र स्टेशन चालवणं म्हणजे थेट तुरुंग. सुरतजवळच्या सरस गावच्या उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. ‘चले जाव’ चळवळीत पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. उषाताईंनी साथीदारांसह मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर दडपलेल्या बातम्या लोकांपर्यंत जाऊ लागल्या. पोलीस मागावर, म्हणून जागा सारखी बदलायची. १२ नोव्हेंबरला धाड पडली. चौकशीत त्यांनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, आपल्या येरवड्यात ठेवलं. १९४६ मध्ये सुटल्या, पुढे मुंबईत राज्यशास्त्र शिकवलं. २००० साली त्या गेल्या. स्टेशन तीन महिनेही चाललं नाही, पण नाव राहिलं.