डेक्कन क्वीनच्या खिडकीबाहेरचा मावळ

लोणावळ्याला माणसे कशासाठी येतात, हे कळायला तिथल्या बाजारपेठेत पाच मिनिटे उभे राहिले तरी पुरते. चिक्की, भुशी धरण, पावसाळ्यातले धबधबे आणि अलीकडे त्यात भर पडलेले मेणाचे पुतळे. एखाद्याला संस्कृतीची हौस असलीच तर रिक्षावाला त्याला कार्ल्याला नेऊन सोडतो, किंवा मळवलीच्या अंगाने भाज्याला. तासाभरात लेणे पाहून होते, फोटो काढून होतात आणि पाहुणा मक्याचे कणीस खात परत फिरतो. त्याच पायऱ्यांवरून कोळी बायका नवस फेडायला एकवीरेकडे चढत असतात. त्या दिसतात, पण त्यांच्याकडे ‘पाहण्यासारखे’ काही आहे असे पाहुण्याला वाटत नाही. त्याच्या मते त्या गर्दी असतात.

ती गर्दी आणि ते लेणे एकत्र पाहिल्याशिवाय दोन्हींचा अर्थ लागत नाही, हे ठासून सांगणारा माणूस इतिहासाचा प्राध्यापक नव्हता. तो गणिताचा प्राध्यापक होता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आज विद्यापीठांतल्या चर्चासत्रांत आदराने घेतले जाते, त्यांच्या इतिहासलेखनावर वाद घातले जातात, मार्क्सवादी म्हणून त्यांना डोक्यावर घेणारे आणि त्याच कारणाने झटकून टाकणारे दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम असतात. या सगळ्यात एक साधी गोष्ट मागे पडते. त्यांचे बरेचसे विचार पुण्याच्या टेकड्यांवर आणि मावळच्या वाटांवर, पायी फिरताना तयार झाले. मला त्या कोसंबींबद्दल लिहायचे आहे.

त्यांचा जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद कोसंबी हे तर एक वेगळेच प्रकरण. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा या एका ध्यासापायी १८९९ साली बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले, पुणे, काशी, नेपाळ, सिंहल असे भटकले आणि पाली भाषेचे पंडित होऊन परतले. १९१२ ते १९१८ या काळात ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. नंतर हार्वर्ड विद्यापीठाच्या कामासाठी अमेरिकेला निघाले तेव्हा मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. दामोदरचे शाळेचे वय अशा रीतीने अमेरिकेत गेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेऊन हा तरुण भारतात आला.

बनारस, मग अलीगढ आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे, जिथे वडिलांनी पाली शिकवली त्याच फर्ग्युसनमध्ये. तिथे त्यांनी बारा वर्षांच्या आसपास गणित शिकवले. १९४५ च्या सुमारास होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. मात्र पुण्यातले भांडारकर संस्थेजवळचे घर त्यांनी सोडले नाही. आजच्या भाषेत ते ‘अप-डाऊन’ करीत. सकाळची डेक्कन क्वीन, संध्याकाळची डेक्कन क्वीन. तळेगाव, कामशेत, मळवली, लोणावळा, मग घाट. या गाडीने जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण वर्तमानपत्रात डोके घालतात किंवा झोपतात. कोसंबी मात्र सुट्टीच्या दिवशी त्याच डोंगरांत जाऊन पायी हिंडत.

गणितज्ञ इतिहासाकडे वळला कसा, हीही मौजेची हकिगत आहे. संख्याशास्त्राची एक पद्धत प्रत्यक्ष वापरून पाहावी म्हणून त्यांनी जुन्या नाण्यांचे ढीग हाताशी घेतले. नाणे चलनात फिरते तसे झिजते, आणि झीज मोजता येते. म्हणजे एका ढिगातली नाणी काटेकोर तोलली तर कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे सांगता येईल. आहत नाणी ही आपल्याकडची सर्वांत जुनी, त्यांवर राजाचे नाव नसते, नुसत्या खुणा असतात. संग्रहालयांच्या कपाटांत पडून असलेली अशी हजारो नाणी त्यांनी तोलली. झीज कशी होते ते पडताळायला आपल्या खिशातली चालू नाणीही तराजूत टाकली! खुणा कोणाच्या, राजे कोणते, हे कळेना म्हणून ग्रंथ धुंडाळणे आले, त्यासाठी संस्कृत आले, संस्कृतातून भर्तृहरी आला. १९४८ मध्ये त्यांनी सिद्ध केलेली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. मध्येच १९४४ साली आनुवंशशास्त्रातले एक सूत्र त्यांनी दिले. ते त्यांच्या नावाने आजही पिकांच्या संशोधनात वापरले जाते. असा हा आवाका. पण नाण्यांनी त्यांना जो धडा दिला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. संग्रहालयातली वस्तू ही कपाटात जन्मलेली नसते. ती हजारो हातांतून गेलेली असते आणि त्या हातांच्या खुणा तिच्यावर राहतात.

हाच डोळा घेऊन ते कार्ल्याला गेले. कार्ल्याचे चैत्यगृह म्हणजे आपल्या देशातले कोरीव चैत्यांमधले सर्वांत भव्य. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंचे खांब, छताच्या खऱ्या लाकडी कमानी (दोन हजार वर्षांच्या आसपासचे ते सागवान अजून वर आहे, हे ऐकून मी प्रत्येक वेळी मान वर करून पाहतो) आणि टोकाला अर्धवट उजेडात उभा असलेला स्तूप. कलेचा अभ्यासक इथे मूर्तींची वळणे पाहतो. कोसंबींनी पाहिली ती खांबांवरची नावे. कोणी काय दिले याची ब्राह्मी लिपीतली ती यादी आहे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी तिथे आहे. धेनुकाकट नावाच्या गावचा सामी नावाचा सुतार आहे, त्याच गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे. स्वतःला यवन म्हणवणारे, ग्रीक मुळाचे पण बौद्ध नावे घेतलेले कितीतरी आहेत. १९५५ मध्ये कोसंबींनी या धेनुकाकटावर एक निबंध लिहिला आणि आधीच्या संशोधकांच्या नजरेतून सुटलेले काही लेखही पुढे आणले.

धेनुकाकट कुठले? कोसंबींचा कल ते कार्ल्याच्या आसपासच असावे असे मानण्याकडे होता. इतरांनी ते आंध्रातल्या धरणीकोटपर्यंत नेले आहे. इथे कोसंबींनी पुराव्यापेक्षा थोडी लांब उडी मारली असे माझे मत आहे. त्यांच्या लेखनात अशा उड्या असतात, आणि विरोधी मताची संभावना करताना त्यांची जीभही तिखट होते. पण उडीमागची चौकशी खरी होती. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून बोरघाट चढून देशावर येत असे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या वाटेलगत आहेत, भर रानात नव्हेत. भिक्षूंना निवारा हवा होता आणि व्यापाऱ्यांना वाटेवर मुक्कामाचे, विश्वासाचे ठिकाण. विहारांकडे संपत्ती साठत होती आणि ते त्या व्यापाराचा भाग बनले होते, ही कोसंबींची मांडणी. वडिलांनी आयुष्यभर बुद्धाचे शब्द शोधले आणि मुलाने त्या शब्दांवर जगणाऱ्या भिक्षूंना धान्य कुठून येत होते ते शोधले. दोघांना एकत्र ठेवले की बौद्ध मावळ पुरा होतो, असे मला वाटते.

धान्याचे उत्तरही कार्ल्याच्या भिंतीवर आहे. वलूरक, म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांत पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी करजिक नावाचे गाव नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने दान दिले. पुढे सातवाहनांनी प्रदेश जिंकला तेव्हा ‘मामाल’ इथल्या आपल्या अमात्याला आज्ञा करून त्यांनीही ते गाव भिक्षूंकडेच ठेवले. मामाल म्हणजे आपला मावळ. करजिक म्हणजे कामशेतजवळचे कारंजगाव, असे अभ्यासक मानतात. राजे बदलले तरी गावाचे नाव दोन हजार वर्षे फारसे हलले नाही. (पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते आणि वज्ऱ्या यांचे अजब भांडार उभे करणारे काका केळकर १८९६ साली जन्मले ते याच कारंजगावात. हा योगायोग मला फार आवडतो.)

घोरावडी स्टेशनावर उतरून घोरावडेश्वराचा डोंगर चढलात तर आणखी एक नाव भेटेल. शेलारवाडीची लेणी म्हणतात ती हीच. आता तिथे महादेव आहे आणि शिवरात्रीला गर्दी असते. तिथल्या लेखात धेनुकाकटाच्या एका नांगरधारी कुणब्याच्या बायकोने लेणे दान दिल्याची नोंद आहे. श्रेष्ठी नव्हे, राणी नव्हे, शेतकऱ्याची बायको. नवऱ्याचे नाव उषभणक, तिचे सियगुतनिका. मी तिथे गेलो तेव्हा खाली महामार्गावरून ट्रकांचा आवाज अखंड वर येत होता आणि देवळात दोन बायका फुलवाती करत बसल्या होत्या. कोसंबी असते तर त्यांनी आधी त्या बायकांना गाव विचारले असते, मग लेख पाहिला असता.

कारण त्यांची पद्धतच ती होती. डोंगरउतारावर सापडणाऱ्या गारगोटीच्या इवल्याशा पात्या, अश्मयुगातल्या माणसाने घडवलेली सूक्ष्म हत्यारे, ते वेचत जात. आणि त्या कुठे दाट सापडतात ते पाहत. मग त्याच वाटांवर कुठली ठाणी आहेत ते विचारत. म्हसोबा, वेताळ, अमकी आई, तमकी आई. गावाबाहेर, शिवेवर, वाटा मिळतात तिथे शेंदूर लावलेला तांदळा. त्यांच्या लक्षात आले की कित्येक ठिकाणी या दोन गोष्टी एकमेकींच्या जवळ असतात. गुरे-मेंढरे घेऊन फिरणाऱ्या जुन्या माणसांच्या वाटा ज्या तिठ्यांवर मिळत, तिथे आयांची ठाणी झाली. बौद्ध भिक्षू याच वाटांनी आले आणि अशाच जागांजवळ थांबले. भिक्षू गेले, लेणी ओस पडली, पण आई राहिली. बेडशाच्या विहारात यमाई आहे. कार्ल्याच्या चैत्याच्या दारातच एकवीरा आहे. डाव्या हाताला सिंहस्तंभ उभा आहे. त्याचा जोडीदार जिथे असायचा, तिथे देवीचे देऊळ आहे. पुराणवस्तूचे शिस्तप्रिय रसिक या देवळाकडे अडचण म्हणून पाहतात. कोसंबींना ते लेण्याइतकेच महत्त्वाचे वाटले. मुंबईच्या किनाऱ्यावरचा कोळी घाट चढून इथे का येतो, या प्रश्नात बंदर ते घाटमाथा या जुन्या वाटेची आठवण आहे, असे त्यांचे म्हणणे. पायथ्याच्या वेहेरगावाच्या नावातही ‘विहार’ शिल्लक आहेच. १९५६ मध्ये आलेला भारतीय इतिहासावरचा ग्रंथ, १९६२ चा पुराणकथा आणि वास्तव यांविषयीचा आणि १९६५ चा प्राचीन संस्कृतीवरचा, या तिन्हींत ही पायपीट आहे. वडिलांनी मराठीत लिहिले, मुलाने बहुतेक सारे इंग्रजीत. मावळातल्या माणसाला आपल्याच गावाबद्दलचे हे लेखन उशिरा आणि भाषांतरातून भेटले, याची रुखरुख मला आहे.

शेवटची वर्षे त्यांना सुखाची गेली नाहीत. अणुशक्तीचे वेड परवडणारे नाही, आपल्यासारख्या देशाने सूर्याच्या उष्णतेवर भर द्यावा, हे ते उघड बोलत. टाटा संस्थेतली त्यांची नोकरी १९६२ मध्ये संपली. डेक्कन क्वीनची वारी थांबली, टेकड्या मात्र थांबल्या नाहीत. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुण्याच्या घरी झोपेतच ते गेले.

त्यांनी पाहिलेला मावळ झपाट्याने बदलतो आहे. द्रुतगती मार्ग झाला, डोंगरउतारांवर बंगल्यांचे भूखंड पडले, आणि भूखंड पाडायचा तर आधी जमीन सपाट करावी लागते. चैत्याला सरकारी संरक्षण आहे, तिकीट आहे, पहारेकरी आहे. बांधावरच्या तांदळ्याला आणि मातीतल्या गारगोटीच्या पात्याला ते कोण देणार? ती उचलून काचेच्या कपाटात ठेवली तरी वाट सुटते, आणि वाट सुटली की तो नुसता दगड उरतो.

त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच मावळातल्या पाले गावाजवळच्या एका लेण्यात ब्राह्मी लेख सापडला आणि ह. धी. सांकलिया व शोभना गोखले यांनी तो वाचला. अरिहंतांना वंदन करून सुरू होणारा, महाराष्ट्रातला सर्वांत जुना मानला जाणारा तो जैन लेख आहे. इंद्ररक्षित नावाच्या कोणा भदंताने लेणे आणि पाण्याचे टाके कोरवून घेतल्याची त्यात नोंद आहे. म्हणजे बौद्धांच्या या खोऱ्यात जैन साधूही होते. कोसंबींच्या पुस्तकांत हा लेख नाही. लोणावळ्याच्या रिक्षावाल्याच्या यादीतही नाही. पाल्याला जायचे तर गावात वाट विचारावी लागते.