डॉ. वि. भि. कोलते आणि लीळाचरित्राची पाठचिकित्सा

महानुभावांची सांकेतिक लिपी उकलण्याचे श्रेय वि. का. राजवाडे यांच्याकडे जाते. परंतु लिपी उकलली म्हणजे ग्रंथ हाती आला असे होत नाही. त्या पुढील कामाला ज्यांनी आयुष्य दिले, त्यांत बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णु भिकाजी कोलते अग्रगण्य होत.

आरंभी त्यांनी एकच कवी निवडला. भास्करभट्ट बोरीकरांच्या चरित्राचा व काव्याचा त्यांनी केलेला अभ्यास १९३५ साली ग्रंथरूपाने आला. रसग्रहणाच्या दृष्टीने हे लेखन काहीसे रुक्ष आहे; त्याचे बळ पुराव्याच्या छाननीत आहे. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

खरी कसोटी लीळाचरित्राची होती. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ पोथी परचक्रात नष्ट झाली व नंतर स्मरणातून पुन्हा जुळविली गेली, अशी पंथीय परंपरा आहे. साहजिकच पाठापाठांत तफावत पडली. अशा वेळी श्रद्धेला रुचेल तो पाठ घ्यावा, की पोथ्यांच्या साक्षीने टिकेल तो? कोलत्यांनी दुसरा पक्ष स्वीकारला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली त्यांचे संपादन प्रकाशित केले आणि त्यातील काही लीळांना पंथीयांतून तीव्र विरोध झाला. ज्यांचे तत्त्वज्ञान व आचारधर्म त्यांनी आस्थेने उलगडून दाखविले होते, त्यांच्यातूनच हा विरोध आला. १९९८ मध्ये कोलते निवर्तले. श्रद्धा आणि पाठ यांतील तो वाद मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही.