डॉ. विक्रम साराभाई : खेड्याला आधी धरणारा शास्त्रज्ञ

ऐन बातम्यांत टीव्हीचं चित्र गेलं की आपण छपरावरची छत्री हलवून बघतो. उपग्रहाचा कार्यक्रम थेट खेड्यात उतरवायचा विचार आपल्याकडे ज्यांनी नेटाने लावून धरला, ते डॉ. विक्रम साराभाई.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात झाला. केंब्रिजला शिकले, बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्याजवळ विश्वकिरणांचा अभ्यास केला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावाहून पहिला अग्निबाण उडाला, तो त्यांच्याच पुढाकाराने.

टीव्हीसाठी नुसते मनोरे उभारत गेलो, तर आधी शहरे आणि खेड्याची पाळी शेवटी, हे त्यांनी ओळखले. मनोऱ्याच्या लहरी डोंगराआड नीट पोचत नाहीत. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह मात्र एकाच जागी दिसतो आणि साऱ्या देशावर नजर ठेवतो. १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला. उपग्रहावरच ९ मीटरची मोठी छत्री होती. त्यामुळे गावात खुराड्याला लावतात तसल्या जाळीची ३ मीटरची स्वस्त छत्री पुरली.

हे बघायला साराभाई राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी ५२ व्या वर्षी कोवळमला त्यांचे निधन झाले. प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांनी शेती-आरोग्याचे कार्यक्रम बघितले. पण उपग्रह दुसऱ्याचा. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली आणि उपग्रहावरचे कार्यक्रम थांबले.

मग आपला इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये गेला, तो सप्टेंबरातच निकामी झाला. पुढच्या वर्षी इन्सॅट-१बी ने काम सावरले. एका विहिरीच्या भरवशावर सारं शिवार ठेवू नये, तसंच हे.

आजही मुसळधार पावसात किंवा छत्रीसमोर झाड वाढलं की चित्र जातं. म्हणून छत्रीसमोरच्या फांद्या वेळीच छाटा. ग्रामसेवक, तलाठी यांनीही हवामानाचा इशारा टीव्हीवर न सोडता रेडिओ, फोन आणि दवंडी, तिन्ही वाटा चालू ठेवाव्यात. निरोप शेवटच्या घरापर्यंत पोचावा, हीच तर साराभाईंची तळमळ होती.