सुकुमार सेन : पहिल्या निवडणुकीचे कारभारी

२० नोव्हेंबर २०२४ रोजी मी आयुष्यातले पहिले मत दिले. आजीला हाताला धरून केंद्रावर नेले. यादीत आमच्या घरची चार नावे होती; आलो दोघेच. २०२३ साली आमच्या चांदवड तालुक्यात पावसाने ओढ दिली, शेतात काही राहिले नाही. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली. ती फिटेना, म्हणून पुढच्या दिवाळीनंतरही आई-वडील ऊसतोडीला गेले होते.

पुढे राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी सुकुमार सेन यांचे नाव घेतले. आमच्या घरात कॉलेजात येणारा मीच पहिला; हे नाव मी कधी ऐकले नव्हते. ग्रंथालयात जे सापडले ते, मित्रहो, आपल्यापुढे ठेवीत आहे.

सेन बंगालचे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात व पुढे लंडन विद्यापीठात ते शिकले. गणितात सुवर्णपदक मिळवून १९२१ साली ते आय.सी.एस.मध्ये दाखल झाले व पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. मार्च १९५० मध्ये ते भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. पंतप्रधान नेहरूंना निवडणूक लवकर हवी होती. सेनांनी त्यांना धीर धरण्याची विनंती केली. मतदार १७ कोटींहून अधिक, त्यांतले बहुतेक निरक्षर! म्हणून चिन्हे आली आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली गेली. कित्येक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच लिहविले होते. अशी सुमारे २८ लाख नावे सेनांनी यादीतून वगळली. तेथे माणूस हजर होते, नाव नव्हते. आमच्या घरी नाव होते, माणूस नव्हते.

परंतु मला सर्वांत भावली ती त्यांची एक तारीख. हिमाचलातील चिनी हा भाग, म्हणजे आजचे किन्नौर, तेव्हा हिवाळ्यात बर्फाने जगापासून तुटत असे. देशातील बहुतेक मतदान १९५२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत होणार होते. तोवर थांबले असते तर चिनीची मते बर्फाखाली गेली असती. म्हणून तेथे २५ ऑक्टोबर १९५१ रोजीच मतदान झाले. निकालासाठी त्या लोकांना काही महिने थांबावे लागले, पण त्यांचे मत बुडाले नाही.

त्याच वर्षीच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ५७ व्या कलमातही ही तरतूद आहे. नैसर्गिक आपत्तीमुळे मतदान होणे शक्य नसेल तर केंद्राध्यक्षाने ते तहकूब करावे. पुढे नवी तारीख ठरावी आणि ते मतदान पुरे होईपर्यंत मोजणी होऊ नये.

सेनांनी १९५३ साली सुदान देशाच्या निवडणुकीचे काम पाहिले, १९५७ ची आपली दुसरी निवडणूक पार पाडली आणि डिसेंबर १९५८ मध्ये ते पदावरून उतरले. पुढे ते बरद्वान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

हे सारे वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न येत राहिला. बर्फ वाट अडवतो, पूर केंद्रात शिरतो. ते सर्वांना दिसते. दुष्काळ मात्र वाट अडवीत नाही, उलट त्याच वाटेने माणसांना घेऊन जातो. केंद्र उघडे असते, यंत्र सुरू असते, केंद्राध्यक्षाला तहकूब करण्यासारखे काही दिसत नाही. ऊसतोड कामगाराला टपालाने मत देण्याची सोयही नाही. चिनीच्या लोकांसाठी पंचांग पाहून तारीख ठरविणारा कारभारी आमच्या कोयत्यांसाठीही कोणी असावा, असे मला वाटते.

हंगाम संपवून आई परत आली तेव्हा माझ्या बोटावरची शाई केव्हाच गेली होती. तरी तिने माझे बोट हातात घेऊन पाहिले.