रुस्तम जाल वकील

डॉ. रुस्तम जाल वकील (जन्म : मुंबई, १७ जुलै १९११, मृत्यू : २० नोव्हेंबर १९७४) हे भारतीय हृदयरोगतज्ज्ञ होते. लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले आणि केईएम रुग्णालयात कार्यरत झाले.

दीर्घकालीन उच्च रक्तदाबात बहुधा हृदयापेक्षा सूक्ष्म रोहिण्यांचा दोष अधिक असतो. अनुकंपी तंत्रिकांतून स्रवणारे नॉरॲड्रिनॅलिन व मूत्रपिंडाच्या विकारात वाढणारे अँजिओटेन्सिन यांमुळे या रोहिण्या आकुंचन पावतात. पुढे त्यांच्या भित्तीही जाड होतात व रक्तप्रवाहाला होणारा परिसरीय रोध वाढतो. १९४० च्या दशकात यावर सहज देता येईल असे खात्रीचे औषध नव्हते. तंत्रिका छेदण्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत उपाय जात.

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदवले होते. परंतु परदेशात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. वकील यांनी ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यक या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे करण्यात आले. ते तंत्रिकांच्या टोकांतील नॉरॲड्रिनॅलिनचा साठा रिता करते, हे त्यानंतर उलगडले.

त्यांना लास्कर पुरस्कार (१९५७), पद्मभूषण (१९५८) व शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (१९६५) मिळाले. मोठ्या मात्रेत रेसरपीनमुळे काही रुग्णांना नैराश्य येत असल्याचे दिसल्यावर व नवी औषधे आल्यावर त्याचा वापर ओसरला.