सुभेदार रामजी सकपाळ

थोर पुरुषाचे नाव निघाले म्हणजे त्याच्या पराक्रमाची यादी लहानमोठ्या सर्वांस पाठ असते. परंतु ज्या हातांनी त्यास पहाटे उठवून दिव्याजवळ बसविले, त्या हातांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांचे नाव ठाऊक नाही असे खेडे आपल्या प्रांतात सापडणार नाही. त्यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ ह्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ज्यांच्या घरी मुले आहेत व पैसा थोडा आहे, त्यांनी हे विशेष लक्ष देऊन वाचावे.

रामजींचा जन्म इ. स. १८४८ च्या सुमारास झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आंबडवे हे होय. त्यांचे वडील मालोजी हे पलटणीत शिपाई होते, आणि रामजीही त्याच वाटेने गेले. त्या काळी गावात महाराच्या पोरास शाळेची पायरी चढू देत नसत. पण पलटणीत शिपायांस व त्यांच्या मुलांस शिक्षण सक्तीचे असे. ह्या एका नियमाने किती घरांत उजेड पडला ह्याची गणती नाही. रामजी शिकले, पुणे येथील लष्करी शिक्षकांच्या शाळेत तयार झाले, आणि सुमारे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्य शिक्षक राहिले. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. त्यांचा विवाह मुरबाडकर नावाच्या सुभेदार-मेजरांची कन्या भीमाबाई हिच्याशी झाला. ह्या दांपत्यास चौदा अपत्ये झाली, परंतु त्यांतील पुष्कळ बाळपणीच निवर्तली. चौदावे अपत्य भीमराव हे ता. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत जन्मले.

रामजी कबीरपंथी होते. मद्यमांस त्यांनी वर्ज्य केले होते. सायंकाळी मुलांस जवळ बसवून भजन व पाठ म्हणण्याचा त्यांचा नेम कधी चुकत नसे. इंग्रजीचे धडे व भाषांतराचे पाठ ते स्वतः मुलांकडून घोटून घेत.

इ. स. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करातील भरती बंद केली. ज्यांच्या बापआजांनी सरकारची चाकरी निष्ठेने केली, त्यांच्या नातवांस आता तो दरवाजा मिटला. आणि त्याबरोबर ती शाळाही मिटली. रामजींचा स्वतःचा हुद्दा व निवृत्तिवेतन ह्यांस धक्का नव्हता, म्हणून त्यांस स्वस्थ बसता आले असते. तसे न करता त्यांनी न्या. महादेव गोविंद रानडे ह्यांचे साह्य घेऊन सरकारकडे अर्ज करविला. त्या अर्जास तेव्हा यश आले नाही. पुढे पहिल्या महायुद्धात ती भरती काही काळ उघडली व पुन्हा बंद झाली, शेवटी इ. स. १९४१ मध्ये स्वतंत्र महार पलटण उभी राहिली, आणि तिच्यासाठी झटणाऱ्यांत रामजींचे पुत्रच अग्रभागी होते.

इ. स. १८९४ मध्ये रामजी सेवानिवृत्त झाले. निवृत्तिवेतन दरमहा ५० रुपये. प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास त्यांनी बिऱ्हाड केले. साताऱ्यास इ. स. १८९६ मध्ये भीमाबाई वारल्या आणि मुले पोरकी झाली. रामजींची अपंग बहीण मीराबाई हिने त्यांस मायेने सांभाळले. पुढे रामजींनी दुसरा विवाह केला. सावत्र आईच्या अंगावर आईचे दागिने पाहून धाकट्या मुलाचे मन फार दुखावले. चांगल्या बापाच्या हातूनही मुलांच्या मनास लागणाऱ्या गोष्टी घडतात, हे आम्ही झाकून ठेवीत नाही.

खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर तलाव खणण्यास लोक लागले होते. तेथे रामजी खजिनदार होते. इ. स. १९०१ मध्ये मुले त्यांस भेटण्यास साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनावर त्यांस घेण्यास कोणी आले नाही, कारण मुलांचे पत्र चाकराने धन्यास दिलेच नव्हते. मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांस नेईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केले, तेव्हा मुलांनी गाडी हाकावी व गाडीवानाने बाजूने चालावे असे ठरले. शिदोरी जवळ होती, पण रात्रभर पाणी कोणी दिले नाही. सुभेदाराची मुले, अंगावर नीटनेटके कपडे, तरी तहानेने व्याकूळ! बापाने विद्या दिली, शिस्त दिली, स्वच्छता दिली. परंतु वाटेवरचे पाणी मिळवून देणे त्याच्या हाती नव्हते.

ती नोकरी सुटल्यावर इ. स. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस परळ येथे डबक चाळीत आले. खोली एक. तीतच चूल, जाते, सरपण, शेळी आणि सारी माणसे. दोघा मुलांस हायस्कुलात ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून आनंदरावांनी शाळा सोडून काम धरले. भीमरावास अभ्यासास शांतता मिळावी म्हणून रामजी त्यास संध्याकाळी लवकर निजवीत, आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. मग मुलास उठवून दिव्यापाशी बसवीत व त्याने सोडलेल्या जागेवर आपण आडवे होत. मुलाने एखादे नवे पुस्तक मागितले आणि घरात पैसा नसला, म्हणजे हे वृद्ध गृहस्थ विवाहित मुलीच्या दारी जात, तिचा दागिना उसना घेत व सावकाराकडे गहाण टाकीत. निवृत्तिवेतन हाती येताच तो सोडवून परत देत. पुस्तक मात्र त्याच दिवशी घरी येई.

भीमराव इ. स. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले व इ. स. १९१२ मध्ये बी. ए. झाले. इ. स. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी बडोद्याची नोकरी धरली. वडिलांची त्यास संमती नव्हती. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परत येताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनावर उतरले, इतक्यात गाडी सुटली. त्यामुळे ते मुंबईस फार उशिरा पोहोचले. म्हाताऱ्याचे डोळे दाराकडेच लागले होते. पुत्राच्या पाठीवरून त्यांनी हात फिरविला आणि प्राण सोडला. तो दिवस ता. २ फेब्रुवारी १९१३ चा. त्याच वर्षी भीमराव उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले; ते रामजींस पाहावयास मिळाले नाही.

रामजींनी मागे शेतवाडी ठेवली नाही. कर्ज मात्र थोडेबहुत ठेवले असावे. तरी प्रिय वाचकहो, त्यांचा ठेवा कोणास मोजता येईल काय? आमच्या खेड्यांत पुष्कळ बाप मुलगा चार इयत्ता शिकला की त्यास गुरांमागे धाडतात, आणि कारण विचारल्यास गरिबीकडे बोट दाखवितात. गरिबी खरीच आहे. रामजींच्या घरी आनंदरावांची शाळा तिनेच मोडली. परंतु एकाची मोडली म्हणून त्यांनी दुसऱ्याची मोडू दिली नाही. आज रात्री आपल्या घरी दिवा कोणासाठी जळतो व त्याच्यापाशी कोण जागते, एवढे तरी प्रत्येकाने आपल्या मनास विचारून पाहावे.